मधुमेही रुग्णाचा हनुग्रह : स्वेदनापूर्वी काय पाहावे?

हनुग्रहाची चिकित्सा स्नेहन-स्वेदनावाचून पूर्ण होत नाही, हे आपण सर्व वैद्य जाणतो. मात्र चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात स्वेदनास अयोग्य अशा व्यक्तींची जी गणना आहे, तीत मधुमेही रुग्णाचा स्पष्ट उल्लेख आहे. मग ज्याला मधुमेहही आहे आणि ज्याचा जबडाही धरला आहे, अशा रुग्णाला शेक द्यावा की देऊ नये? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मधुमेह आणि जबड्याचा सांधा यांच्या संबंधाचा संपूर्ण विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात आम्ही तो विचार बोरी परिसरातील दैनंदिन व्यवसायाच्या दृष्टीने मांडत आहोत.

परभणी–जिंतूर मार्गावरील बोरी हे जिंतूर तालुक्यातील गाव. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरील शेतकरी व शेतमजूर दुखण्याखुपण्यासाठी प्रथम गावातील वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतात. दंतवैद्य, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि हृद्रोगतज्ज्ञ हे त्यांच्या दृष्टीने परभणीला जाण्याचे, म्हणजेच एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडण्याचे काम. त्यामुळे जबडा दुखतो म्हणणारा रुग्ण पहिल्यांदा आपल्यासमोरच बसतो, आणि पुढे त्याची दिशा काय असेल हे पुष्कळदा आपल्या त्या पहिल्या दहा मिनिटांवर ठरते.

मधुमेह हा केवळ शहरातील स्थूल माणसाचा आजार आहे, हा समज आता टिकणारा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमधील प्रमाण शहरी भागात १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आहे. चरकाचार्यांनी प्रमेही रुग्णांचे स्थूल व बलवान आणि कृश व दुर्बल असे दोन वर्ग करून दोहोंची चिकित्सा निराळी सांगितली. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा १९९३ पासून जो अभ्यास केला, त्यातूनही वजनाने कमी दिसणाऱ्या भारतीय बालकाच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे पुढे आले. तात्पर्य, समोरचा रुग्ण सडपातळ आहे, शेतात राबतो आहे, एवढ्यावरून त्याला मधुमेह नाही असे गृहीत धरता येत नाही.

जबड्याचा सांधा आणि ग्रंथोक्त हनुग्रह

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडझाप केले की जी हालचाल जाणवते, तो जबड्याचा सांधा. हा सांधा प्रथम बिजागरीप्रमाणे फिरतो आणि नंतर पुढे सरकतो. त्याच्या दोन अस्थींमध्ये एक चकती असते. उजवा आणि डावा हे दोन्ही सांधे एकाच हाडाने जोडलेले असल्यामुळे एकाला इजा झाली की दुसऱ्यावर भार येतो. बोलणे, चावणे, गिळणे, जांभई या सर्व क्रियांत तो गुंतलेला असल्याने त्याला पूर्ण विश्रांती देणे अशक्यप्राय असते.

या सांध्याच्या विकारांत कानापुढे दुखणे, चावताना वेदना होणे, तोंड कमी उघडणे, जबडा एका बाजूस सरकणे, कट् असा आवाज येणे आणि कधी जबडा अडकणे ही लक्षणे आढळतात. वेदनारहित नुसता आवाज अनेक निरोगी व्यक्तींतही असतो व त्यास चिकित्सेची आवश्यकता नसते. दात खाणे, मानसिक ताण, आघात, एकाच बाजूने चावण्याची सवय, सांध्याची झीज अशी अनेक कारणे एकत्र येऊन हा विकार होतो.

वाग्भटांनी हनुग्रहाची कारणे सांगताना जीभ अतिप्रमाणात खरवडणे, शुष्क पदार्थ चावणे आणि आघात यांचा उल्लेख केला आहे. हनुमूलात स्थित झालेला प्रकुपित वायू हनूला शिथिल करून तोंड उघडेच ठेवतो किंवा स्तब्ध करून मिटलेले ठेवतो, असे त्याचे दोन प्रकार. पहिल्यात सांधा निखळलेला, तर दुसऱ्यात धरलेला असतो. चरकांनी निखळलेल्या हनूसाठी प्रथम स्वेदन करून, अंगठ्यांनी दाब देऊन व तर्जनींनी हनुवटी वर उचलून ती स्वस्थानी आणण्याची पद्धत वर्णिली आहे. आजही अपघात विभागात निखळलेला जबडा बसविताना याच तत्त्वाचा अवलंब केला जातो. सुश्रुतांनी हनुसंधी बसविल्यानंतर पंचांगी बंध बांधण्यास आणि वातघ्न व मधुर द्रव्यांनी सिद्ध घृताचे नस्य देण्यास सांगितले आहे.

आधुनिक वैद्यकातील जबड्याच्या सांध्याचे सर्व विकार म्हणजे हनुग्रह, असे सरसकट समीकरण मांडणे योग्य नव्हे. काहींना हनुसंधिगत वात म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल, काहींचे मूळ दंतरोगांत असेल. नाव कोणतेही दिले तरी निदान हेतू आणि संप्राप्तीपर्यंत पोहोचले पाहिजे.

मधुमेह सांध्यापर्यंत कसा पोहोचतो

दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे सांधे आखडतात, हे निश्चित झालेले आहे. १९७४ साली अमेरिकेतील रोझेनब्लूम आणि फ्रायस यांनी दीर्घकाळ मधुमेह असलेल्या किशोरवयीन रुग्णांच्या बोटांचे सांधे आखडलेले असल्याचे वर्णन केले. अशा रुग्णास नमस्कार करावयास सांगितले तर दोन्ही तळहात एकमेकांना पूर्णपणे टेकत नाहीत, बोटांमध्ये फट राहते. मधुमेही रुग्णांत खांदा धरण्याचे प्रमाणही इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असते. यामागील प्रक्रिया अशी, की रक्तातील जादा साखर स्नायुबंध, कंडरा व सांध्याच्या आवरणातील कोलॅजन या तंतुमय प्रथिनाला चिकटते. कालांतराने या तंतूंमध्ये आडवे बंध निर्माण होतात, ते ताठर होतात आणि त्यांची झीज भरून निघणे मंदावते.

जबड्याच्या सांध्यालाही असेच आवरण आणि असेच तंतू आहेत. तेव्हा तोही या प्रक्रियेतून सुटत नाही, असे मानण्यास आधार आहे. तथापि येथे तारतम्य ठेवणे आवश्यक आहे. हात आणि खांदा यांच्या बाबतीत जितका पुरावा उपलब्ध आहे, तितका जबड्याच्या बाबतीत नाही. म्हणून मधुमेह आहे म्हणून जबडा धरला, असे एका वाक्यात रुग्णाला सांगणे शास्त्रास धरून होणार नाही. मधुमेह हा येथे अनेक हेतूंपैकी एक, पण दुर्लक्षिता न येणारा हेतू आहे.

दुसरा मार्ग दात व हिरड्यांचा आहे आणि तो अधिक भक्कम आहे. प्रमेहाच्या पूर्वरूपांत सुश्रुतांनी टाळू, घसा, जीभ आणि दात यांवर मळ साचणे सांगितले आहे. मधुमेहात हिरड्यांचा आजार अधिक होतो व अधिक वेगाने वाढतो. १९९३ साली हाराल्ड लो या दंतशास्त्रज्ञाने त्यास मधुमेहाचा सहावा उपद्रव असे संबोधले. हिरड्या सुटतात, दात हलतात, दाढा पडतात. मागच्या दाढा गेल्या की रुग्ण उरलेल्या दातांनी आणि सोयीच्या एका बाजूने चावू लागतो. चर्वणाचे स्नायू थकतात आणि सांध्यावर विषम भार येतो. त्यात मधुमेहामुळे लाळ कमी होऊन तोंड कोरडे पडले असेल, तर भाकरीचा प्रत्येक घास चावण्यास अधिक श्रम लागतात.

आयुर्वेदीय दृष्टीने पाहता, चरकांच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायात कफ, पित्त, मेद व मांस यांच्या अतिवृद्धीने वायूचा मार्ग अवरुद्ध होऊन मधुमेह होतो, अशी आवरणजन्य संप्राप्ती सांगितली आहे. जबड्यात आपणास दिसणारा वात हा पुष्कळदा एकटा नसतो, तो आवृत असतो. केवळ वातावर लक्ष ठेवून बृंहण, गूळ-तुपाचे कल्प व अतिस्नेह यांचा मारा केल्यास जबड्याला तात्पुरता आराम पडेल, परंतु मूळ आवरण वाढेल.

उलट दिशा : जबड्यापासून साखरेपर्यंत

हा संबंध एकाच दिशेने वाहत नाही. जबडा दुखू लागला की आहार बदलतो, आणि आहार बदलला की साखर बदलते. परभणी जिल्हा हा ज्वारीचा प्रदेश. येथील कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'परभणी मोती' हा रब्बी ज्वारीचा वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, कांदा, शेंगदाण्याची चटणी हे जेवण चावून खाण्याचे आहे. जबडा धरलेल्या माणसाच्या ताटातून सर्वप्रथम भाकरी जाते. तिच्या जागी चहात बुडविलेली बिस्किटे, पाव, मऊ भात, साबुदाण्याची खीर, केळ्याचे शिकरण येते. घरची माणसे प्रेमाने असे मऊ पदार्थ करून घालतात आणि दोन आठवड्यांत साखर चढते. मग वैद्य व रुग्ण दोघेही औषध लागू पडत नाही म्हणून चिंता करीत बसतात.

याच्या उलट प्रकारही तितकाच घातक आहे. वेदनेमुळे रुग्ण जेवण टाळतो, पण साखर कमी करण्याची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेतो. अशा वेळी साखर एकदम उतरून घाम, थरथर, भ्रम व मूर्च्छा येऊ शकते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असताना त्यांच्या जोडीला गुडमार, जांभूळबी, कारले यांचे चूर्ण घेतले जात असेल, तर हा धोका वाढतो. म्हणून जबड्याच्या प्रत्येक रुग्णास गेल्या आठवड्यात काय खाल्ले, हे विचारणे हा निदानाचाच भाग समजावा.

हिरड्यांच्या बाबतीतही हेच आढळते. हिरड्यांतील दीर्घकालीन शोथामुळे साखर नियंत्रणात ठेवणे कठीण जाते. हिरड्यांची योग्य चिकित्सा केल्यास तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक, म्हणजे एचबीएवनसी, सुमारे ०.४ ने कमी होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून २०२२ साली दिसून आले. ही घट लहान वाटली तरी दुर्लक्षणीय नाही.

दहा मिनिटांची तपासणी

पुढील तपासणीस विशेष उपकरणे लागत नाहीत. बॅटरी, मोजपट्टी आणि ग्लुकोमीटर एवढे पुरे.

प्रथम रुग्णास त्याचीच तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांच्या मध्ये घालण्यास सांगावे. तीन बोटे गेली तर तोंड पुरेसे उघडते. प्रौढांत हे अंतर साधारणपणे ४० ते ५० मिलिमीटर असते. ३५ पेक्षा कमी असल्यास तोंड उघडण्यास मर्यादा आली आहे असे समजावे व नेमका आकडा नोंदवावा. जबडा कोणत्या बाजूस सरकतो ते पाहावे.

दुसरे, कानापुढील सांधा, गालाचे व कानशिलाचे स्नायू दाबून वेदना कोठे आहे ते ठरवावे. तिसरे, बॅटरीने दाढा, हिरड्या व गालाची आतील बाजू पाहावी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी सुपारी-तंबाखूची सवय गेलेली नाही. गालाची आतील त्वचा पांढरट व दोरीसारखी कडक लागत असेल, तर तोंड न उघडण्याचे कारण सांधा नसून सुपारीमुळे झालेला तंतुमय विकार आहे. तो कर्करोगपूर्व अवस्था असल्याने तज्ज्ञाकडे पाठविणेच उचित. चौथे, कानात पाहावे. पाचवे, नमस्कार करावयास सांगावे आणि दोन्ही हात डोक्यावर नेण्यास सांगावे. बोटांत फट असेल किंवा खांदा धरलेला असेल, तर जबड्याचा आखडलेपणा हा व्यापक प्रक्रियेचा भाग असण्याची शक्यता वाढते.

सहावे, मधुमेह ज्ञात असो वा नसो, साखर तपासावी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून अधिक आल्यास मधुमेहाचे निदान होते. लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री करावी. जबड्याच्या तक्रारीच्या निमित्ताने मधुमेह प्रथमच उघडकीस आला, तर रुग्णाचे डोळे, वृक्क व पाय वेळीच सांभाळता येतात.

जेथे क्षणभरही थांबू नये

मधुमेही रुग्णाच्या जबड्याची प्रत्येक वेदना हनुग्रहाची नसते. पुढील अवस्थांत शेक, तेल व लेप यांत वेळ घालविणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

पहिली अवस्था हृदयाची. चालताना, जिना चढताना किंवा ओझे उचलताना जबडा, मान वा डाव्या हातात वेदना होते आणि थांबल्यावर ओसरते, किंवा वेदनेबरोबर घाम व धाप असते, तर ती हृद्रोगाची सूचना मानावी. मधुमेही रुग्णाच्या छातीत दुखेलच असे नाही.

दुसरी अवस्था कानाची. वयस्क मधुमेही व्यक्तीस रात्री वाढणारी तीव्र कर्णवेदना, कानातून स्राव आणि चावताना कानापुढे दुखणे ही लक्षणे असल्यास, बाह्यकर्णातील जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचला असण्याची शक्यता असते. हा संसर्ग सांध्यापर्यंत व कवटीच्या तळापर्यंत जातो. येथे आपणा वैद्यांनी विशेष दक्ष राहावयास हवे, कारण नित्य कर्णतर्पणाने हनुग्रह होत नाही असे चरकवचन असल्याने जबड्याच्या दुखण्यात कर्णपूरण करण्याकडे आपला कल असतो. मधुमेही रुग्णाच्या कानात न पाहता तेल घालू नये, हा नियमच करावा.

तिसरी अवस्था काळ्या बुरशीची. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात हजारो रुग्णांना हा आजार झाला. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना तो अधिसूचित करण्यास सांगितले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती. अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. कोविडची लाट ओसरली तरी हा आजार मधुमेहाबरोबर पूर्वीही होता व आजही आहे. गालावर सूज, गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव, वरचे दात एकाएकी हलणे, पापणी पडणे, टाळूवर काळा डाग यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णास मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

चौथी अवस्था दाढेच्या मुळाशी झालेल्या पुवाची. ताप, जबड्याखाली सूज, गिळण्यास त्रास व तोंड न उघडणे ही लक्षणे असल्यास श्वासमार्ग अडण्याचा धोका असतो. पाचवी धनुर्वाताची. शेतात झालेली जखम आणि त्यानंतर क्रमाने मिटत जाणारा जबडा, गिळताना त्रास, मानेचा ताठरपणा, ही लक्षणे असतील तर विलंब नको. मधुमेहींच्या पायावरच्या जखमा त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतात, म्हणून पाय पाहावेत.

परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे. रुग्ण पाठविताना चिठ्ठीवर साखरेचा आकडा, तोंड उघडण्याचे माप आणि चालू औषधे लिहून द्यावीत. अशी चिठ्ठी घेऊन गेलेल्या रुग्णाला पुन्हा सर्व हकीकत पहिल्यापासून सांगावी लागत नाही आणि चालू औषधांतील एखादे नाव राहूनही जात नाही.

चिकित्सा : शेक द्यावा की नाही?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मधुमेही रुग्णास स्वेदन निषिद्ध, या वचनाचा अर्थ आम्ही असा घेतो, की क्लेद व मेद यांनी भारलेल्या किंवा धातुक्षयाने कृश झालेल्या देहाला सर्वांग व तीव्र स्वेदन सोसत नाही. वाग्भटांनी मेद व कफाने आवृत वातात अग्निरहित स्वेद सांगितला आहे, आणि व्यायाम, उपनाह, उबदार वस्त्र हे त्याचेच प्रकार आहेत. म्हणजेच निषेधाबरोबर शास्त्राने पर्यायही दिलेला आहे. यास आधुनिक ज्ञानाची जोड द्यावी. मधुमेहात संवेदना मंदावते. ती प्रामुख्याने पायांत, चेहऱ्यावर क्वचित. परंतु पुरचुंडीच्या शेकाने भाजल्यावर मधुमेही त्वचा लवकर भरून येत नाही.

म्हणून आमचा क्रम असा आहे. धोक्याची लक्षणे नसल्याची खात्री करावी. साखर फार वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणावी आणि तोवर तीव्र स्वेदन टाळावे. गालावर कापसाचा बोळा फिरवून स्पर्शज्ञान तपासावे. ते शाबूत असल्यास कोमट तिळतेलाचा किंवा बलातेलाचा हलका अभ्यंग करून, कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडाचा एकांग, मृदू शेक दहा मिनिटे द्यावा. कापड प्रथम स्वतःच्या मनगटावर लावून पाहावे. गरम विटेचा, मिठाच्या पुरचुंडीचा शेक घरी करू नये, हे रुग्णाच्या कुटुंबीयांस बजावून सांगावे. अग्निकर्म व रक्तमोक्षण अनियंत्रित मधुमेहात टाळावे.

तिळतेलाच्या गंडूषाने हनूला बल येते, असे चरकांनी दिनचर्येत सांगितले आहे. कोरड्या तोंडाच्या मधुमेही रुग्णास तो विशेष सोयीचा आहे, मात्र ज्याचा जबडा धरला आहे त्याने तोंड फुगेपर्यंत तेल भरू नये. थोडे तेल हळुवार फिरवून थुंकावे. तो दात घासण्याचा किंवा दंतवैद्याच्या चिकित्सेचा पर्याय नव्हे. जीभ हलक्या हाताने स्वच्छ करावी.

व्यायाम सोपा आहे. जिभेचे टोक टाळूला लावून, दुखणार नाही इतपतच तोंड सावकाश उघडावे व मिटावे. असे सहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा करावे. जांभई देताना हनुवटीखाली हात धरावा. फुटाणे, सुपारी, कडक धपाटे, ऊस सोलून खाणे आणि हुरड्याच्या दिवसांत तासन्‌तास चावत बसणे हे काही आठवडे बंद करावे. ऊस व फुटाणे यांच्या बाबतीत वाग्भटांचा शुष्कभक्षणाचा इशारा आणि मधुमेहाचे पथ्य दोन्ही एकाच वेळी पाळले जाते.

आहारात भाकरी सोडू नये, तिचे रूप बदलावे. ज्वारीची भाकरी घट्ट वरणात किंवा येसराच्या आमटीत कुस्करून खावी. ज्वारीच्या कण्या, गूळ न घालता ताकातील आंबील, पालेभाजी घातलेली मुगाची सैलसर खिचडी, दही, चालत असल्यास उकडलेले अंडे हे पदार्थ द्यावेत. पातळ व बारीक दळलेले अन्न साखर लवकर चढविते, म्हणून जेवणानंतर दोन तासांनी एकदा साखर पाहावी व प्रमाण ठरवावे.

औषधालयांच्या चालकांसाठी

हनुग्रहात त्रयोदशांग गुग्गुळाचा उल्लेख ग्रंथात आहे आणि तो आपल्या नित्य वापरात आहे. दशमूलारिष्ट, बलारिष्ट, अश्वगंधारिष्ट हेही वातविकारांत सर्रास दिले जातात. परंतु अरिष्टांत गूळ किंवा मध असतो, अवलेहांत साखर असते. मधुमेही रुग्णास दशमूलाचा क्वाथ हा अधिक योग्य पर्याय आहे. तेव्हा बाटली हातात देण्यापूर्वी, 'साखरेचा आजार आहे काय?' हा एक प्रश्न विचारावा. दुकानात बसणाऱ्या मदतनिसालाही तो शिकवावा.

सांधेदुखीवर एका दिवसात गुण देणाऱ्या निनावी चूर्णांपासून आपण सर्वांनी कटाक्षाने दूर राहावे. अशा काही चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याच्या घटना देशात वेळोवेळी उघडकीस आल्या आहेत. स्टेरॉइडने वेदना खरोखरच थांबते, आणि त्याच वेळी मधुमेही रुग्णाची साखर भडकते व संसर्गास दार उघडे होते. मालाच्या वेष्टनावर निर्माता, परवाना क्रमांक व घटक नसतील, तर तो माल ठेवू नये. त्याचप्रमाणे वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या मधुमेही रुग्णास वृक्काची तपासणी करून घेण्यास सांगावे. मधुमेह समूळ बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्यान्वये गुन्हा ठरते, याचेही स्मरण ठेवावे.

नोंदींची आवश्यकता

जबड्याचा सांधा आणि मधुमेह या विषयावरील पुरावा अद्याप तोकडा असण्याचे एक कारण म्हणजे मधुमेहाच्या रुग्णाचे तोंड किती उघडते, हे सहसा कोणी मोजत नाही. ज्यांच्याकडे हे रुग्ण सर्वप्रथम येतात, त्या आपल्यासारख्या व्यावसायिकांना हे काम सहज करता येईल. प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या कार्डावर दर तीन महिन्यांनी साखर, तोंड उघडण्याचे माप, उरलेल्या दाढांची संख्या आणि नमस्काराची स्थिती अशा चार नोंदी कराव्यात. जबड्याची तक्रार नसली तरीही कराव्यात, कारण तक्रार नसलेल्यांच्या नोंदींशिवाय तुलना करता येत नाही.

वैद्यबंधू-भगिनींनी वर्षभर अशा नोंदी ठेवल्यास पुढील काळात या विषयावर अनुमानाऐवजी आकड्यांच्या आधारे लिहिता येईल. त्या नोंदी रुग्णाचे नाव न घालता, लेखी स्वरूपात त्रैमासिकाकडे पाठवाव्यात, ही विनंती.